भिंतीपलीकडचा प्रिंटर

चौबे कॉलोनीत खानावळ टाकायची ठरवली तेव्हा पूर्णिमाला वाटलं होतं, अडचण आली तर स्वयंपाकाची येईल. रायपुरातल्या लोकांना झुणका, पाटोडीची भाजी, कोथिंबिरीची सांभारवडी चालेल की नाही, याचीच तिला धास्ती. पण लोकांना जेवण आवडलं. अडचण आली ती वेगळीच. गाळा बोळासारखा लांबट होता. पुढे चार टेबलं आणि काउंटर, मागे स्वयंपाकघर, आणि मध्ये एग्झॉस्ट पंख्याची घरघर. पुढून ओरडून सांगितलेलं मागे पोहोचायचंच नाही. पूर्णिमा म्हणायची पाटोडी, आणि शारदा दीदी पोळ्या लाटायला घ्यायची.

शारदा दीदी तिची स्वयंपाकीण. इथलीच, छत्तीसगढी. हात असा की नागपूरची सांभारवडी तिने दोनदा पाहून तिसऱ्यांदा पूर्णिमापेक्षा चांगली केली होती. पण रोजच्या या घोळाला तीही कंटाळली होती.

"एक वायरलेस प्रिंटर घेऊन घे," पूर्णिमाचा नवरा भास्कर म्हणाला. तो शहराबाहेरच्या 'नवा रायपूर' वसाहतीत एका संस्थेत नोकरीला होता, आणि अशा गोष्टींत त्याला रस होता. "तू काउंटरवर टॅब्लेटमधे ऑर्डर टाकशील, चिठ्ठी मागं किचनमधे निघंन. ओरडायचं कामच नाही."

शनिवारी त्याला सुट्टी होती. सकाळी दुकान उघडायच्या आधी त्याने खोक्यातून प्रिंटर काढला, कागदाचा रोल घातला, स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवून बटण दाबलं. हिरवा दिवा लागला. मग पुढे येऊन त्याने टॅब्लेटवर ब्लूटूथ उघडलं.

यादीत एकाच नावाचे दोन प्रिंटर दिसत होते.

"एकच तर आणला ना आपण?" पूर्णिमा म्हणाली.

"कधीकधी दाखवते असं." त्याने वरच्या नावावर बोट ठेवलं. लगेच 'जोडले' असं आलं. त्याने टेस्ट प्रिंट पाठवली. टॅब्लेट म्हणाला, छापलं.

"दीदी, निकली क्या चिठ्ठी?"

"नइ भैया," आतून आवाज आला.

पुन्हा पाठवली. पुन्हा टॅब्लेटच्या म्हणण्याप्रमाणे छापली गेली. पंखा अजून सुरू केलेला नव्हता म्हणून या वेळी तो आवाज पूर्णिमाला ऐकू आला. कर्र कर्र, बारीक, किडा कुरतडतो तसा. स्वयंपाकघरातून नव्हे. डावीकडच्या भिंतीतून.

भास्करने खालचं नाव दाबून पाहिलं. ते काही केल्या जोडलं जाईना. मग त्याला युक्ती सुचली. आत जाऊन त्याने आपला प्रिंटर बंद केला. खालचं नाव यादीतून गेलं. वरचं राहिलं.

"म्हणजे हा वरचा आपला नाहीच. बाजूच्याचा आहे," तो म्हणाला, आणि गणित सुटल्यासारखा हसला.

"बाजूला कोण आहे पण?"

बाजूच्या गाळ्याचं शटर पूर्णिमाने कधी उघडं पाहिलंच नव्हतं. वर पुसट अक्षरांत पाटी होती, 'अमरावती भोजनालय'. आपण यायच्या आधीच बंद पडलेलं कोणाचं तरी दुकान, एवढंच तिला ठाऊक. भास्कर म्हणाला की आत कोणी प्रिंटर चालू ठेवून गेलं असेल. दुकानदाराला सांगून आपला बदलून घेऊ, तोवर ओरडून चालव.

सोमवारी भास्कर कामावर गेला. दुपारच्या गर्दीत पूर्णिमाने ऑर्डरी टॅब्लेटवर टाकल्या, कारण पैसे घेताना बिल करायला त्या लागत होत्या. आणि ओरडूनही सांगितल्या. प्रत्येक ऑर्डरीला टॅब्लेट आपणहून बाजूच्या प्रिंटरला जोडला जात होता. तिने ते तोडलं की तो पुन्हा जोडायचा. शेवटी तिने नाद सोडला.

गर्दी ओसरली. पंखा बंद झाला. एक बाई उशिरा आली आणि झुणका-भाकर मागितली. पूर्णिमाने ऑर्डर टाकली आणि भिंतीकडे कान दिला. कर्र कर्र झालं. थांबलं. आणि मग, जरा वेळाने, टर्रकन कागद फाडल्याचा आवाज आला.

ती तशीच उभी राहिली. चिठ्ठी छापायचं काम यंत्र करतं. पण ती फाडून घ्यायला हात लागतो.

वळून पाहिलं तर शारदा दीदी स्वयंपाकघराच्या दारात उभी. तिच्या हातातला झारा तेल ठिबकवत होता.

"तहूं सुने दीदी?" तिने हळूच विचारलं. तुम्हीही ऐकलं ना?

"हव," पूर्णिमा म्हणाली.

गाळ्यांचा मालक इंद्रजीत याच गल्लीच्या तोंडाशी राहायचा. चाळिशीचा, गोड बोलणारा माणूस. पूर्णिमाने फोन केला तर हसायला लागला. "मैडम, उधर तो मीटर ही नहीं है. बिजली वाले कब के निकाल के ले गए. चूहे होंगे."

"भैया, चूहे ब्लूटूथ नहीं चलाते."

तो आला. किल्ल्यांच्या जुडग्यातून बऱ्याच किल्ल्या लावून पाहिल्यावर कुलूप निघालं. शटर वर गेलं तशी कोंडलेल्या हवेबरोबर धूळ बाहेर आली. ऊन सरळ आत पडलं, आणि पूर्णिमाला आपलीच खानावळ आरशात पाहावी तसं वाटलं. तोच लांबट गाळा, तशीच टेबलं, तसंच काउंटर, सगळं उलट्या बाजूला. जमिनीवर सारखी, साबूत धूळ. तिच्यावर एकही पाऊल नव्हतं.

इंद्रजीत, पूर्णिमा आणि शारदा दीदी, तिघंही मागे गेली. स्वयंपाकघराच्या ओट्याजवळ एक स्टूल होतं आणि त्याच्यावरच्या फळीवर प्रिंटर. त्याची वायर खाली लोंबत होती, कशालाही न लावलेली. दिवा नव्हता. इंद्रजीतने बटण दाबून पाहिलं. मेलेलं.

"देखा?" तो म्हणाला. पण पूर्णिमा दुसरीकडेच पाहत होती, आणि तोही तिकडे वळला.

ओट्याच्या वर भिंतीला तारेचा एक हूक होता. झालेल्या ऑर्डरींच्या चिठ्ठ्या खोचायला असतो तसा. त्यात खाली पिवळ्या पडलेल्या जुन्या आणि वर ताज्या करकरीत चिठ्ठ्या खोचलेल्या होत्या, एकीवर एक, कडा जुळवून. सगळ्यात वरची होती झुणका-भाकरीची.

 शारदा दीदी आधी बाहेर गेली. मग इंद्रजीत. पूर्णिमा सगळ्यात शेवटी, पाठ न वळवता.

बाहेर उन्हात उभं राहून इंद्रजीतने सांगितलं ते असं. हे भोजनालय अनंतराव नावाच्या म्हाताऱ्या माणसाचं होतं. मूळचे अमरावतीकडचे. ते स्वयंपाक करायचे आणि त्यांची बायको ज्योतीताई काउंटर सांभाळायची. उतारवयात अनंतरावांना ऐकू येईनासं झालं, अगदीच. म्हणून त्यांनी हा प्रिंटर घेतला होता. मागच्या उन्हाळ्यात ते त्या स्टुलावरच गेले. ज्योतीताई जवळच्या अभनपूरला आपल्या भाच्याकडे राहायला गेली. सामान नेऊ नेऊ म्हणत तिने काही नेलं नव्हतं.

"अगले महीने नया किराएदार आ रहा है," इंद्रजीत म्हणाला. "मैं कल ही ये मशीन उठवा के फिंकवा देता हूँ."

"नाही," पूर्णिमा म्हणाली. इतक्या जोरात की तीच दचकली. मग हिंदीत म्हणाली, "पहले उनसे पूछेंगे, भैया. उनकी चीज़ है."

त्या संध्याकाळी तिने भास्करला सगळं सांगितलं. त्याने बॅटरीचं काहीतरी सांगितलं, आत साठलेल्या विजेचं. पूर्णिमाने विचारलं, "आणि फाडलं कोणी?"  भास्कर म्हणाला, "त्या बाईले फोन कर."

ज्योतीताई दुसऱ्याच दिवशी अभनपूरहून बसने आली. सत्तरीची बाई, बारीक चणीची, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा. फोनवर पूर्णिमाने फार काही सांगितलं नव्हतं. तुमच्या दुकानातला प्रिंटर अजून चालून राहिला, एवढंच. तिला वाटलं होतं बाई हसेल, नाहीतर रागावेल. ज्योतीताईने दोन्हीपैकी काही केलं नाही. पाणी प्यायली आणि म्हणाली, "दाखव बरं पोरी मले."

पूर्णिमाने टॅब्लेट तिच्यापुढे ठेवला. ऑर्डरीच्या खाली स्वयंपाक्यासाठी सूचना लिहायची एक जागा असते, 'तिखट कमी' वगैरे. ज्योतीताईला ती बरोबर ठाऊक होती. तिने चष्मा लावला आणि एकेक अक्षर शोधत काहीतरी लिहिलं. पाठवलं.

कर्र कर्र.

ती वाट पाहत राहिली. मान किंचित कलती. टर्रकन कागद फाटला.

ज्योतीताईचा चेहरा असा उजळला की पूर्णिमाला तिच्याकडे पाहवेना. कोणाच्या तरी घरात न विचारता शिरल्यासारखं झालं.

"आहेत," ज्योतीताई म्हणाली.

"ताई, काय लिहिलं तुम्ही?"

"काही नाही व. चहा झाला काय, विचारलं." ती पुन्हा लिहू लागली. "त्यायले ऐकू येत नव्हतं ना. आधी मी हातानं खुणा करू. पण स्वयंपाकघरात पाठ करून उभा राहणारा माणूस, खुणा पाहीन कधी? मग हे मशीन आलं. लोकायच्या ऑर्डरी कमी, माझंच बोलणं जास्त निघायचं त्याच्यातून. आज गुडघा दुखून राहिला. भाजीवाला तुमची आठवण काढत होता. सगळं. ते वाचत, हसत, आणि हुकात लावून देत. एक चिठ्ठी फेकली नाही त्यायनं कधी."

"आणि ते काय म्हणत?"

"ते कुठचे बोलतात? ऐकू येणं गेलं तसं बोलणंही सोडलं होतं. मीच बोलू."

हळूहळू तिने त्या दिवसाचं सांगितलं. अभनपूरला भाच्याच्या मुलीचं बारसं होतं. ज्योतीताई गेली, आणि अनंतराव एका घरचे डबे करायचे म्हणून दुकानात थांबले. रोज शेवटचं गिऱ्हाईक गेलं की ती काउंटरवरून एक चिठ्ठी पाठवायची, 'झालं. चला घरी.' मग ते गॅस बंद करायचे, हात धुवायचे. त्या दिवशी पाठवणारं कोणी नव्हतं.

"डबे करून ते बसले असतील स्टुलावर. चिठ्ठी येईन म्हणून," ती म्हणाली. "सकाळी दार उघडलं तं तसेच बसून होते. त्यायले कोणी 'झालं' म्हटलंच नाही."

 पूर्णिमाने ज्योतीताईच्या हातावर हात ठेवला. "मग आता म्हणा ना ताई. म्हणूनच तं थांबले असतील. तुम्ही एकदा लिहा, मोकळे होतील ते."

ज्योतीताईने हात काढून घेतला.

"आणि मी?" ती म्हणाली. "मी लिहीन आणि ते जातीन. मंग मी कोणाशी बोलू?"

ती त्या दिवशी ऊन उतरेपर्यंत काउंटरवर बसून लिहीत राहिली. गिऱ्हाइकं आली की बाजूला सरकायची, ती गेली की पुन्हा लिहायची. जाताना म्हणाली, "उद्या येतो."

आणि ती रोज येऊ लागली. पूर्णिमाला नाही म्हणता येईना. दुकानदाराने प्रिंटर बदलून दिला होता. तो निमूट जोडला गेला आणि तिच्या ऑर्डरी तिच्याच स्वयंपाकघरात निघू लागल्या. पण दुपारी ज्योतीताई टॅब्लेट मागायची, आणि मग भिंत बोलायला लागायची. पूर्णिमा तिला जेवायला वाढायची. ताटातलं अर्धं तसंच राहायचं. ती बाई दिवसेंदिवस वाळत चालली होती, पण डोळे नवऱ्या मुलीसारखे चमकायचे. हे चांगलं की वाईट, पूर्णिमाला काही ठरवता येत नव्हतं.

शारदा दीदीचं ठरलं होतं. "मय ए भीथी तीर काम नइ करंव दीदी," ती एक दिवस म्हणाली. या भिंतीजवळ मी काम करणार नाही. "पहिले तो कागज भर फाड़त रहिस. अब आघू ले फाड़थे."

"आघू ले म्हणजे?"

"चिट्ठी आए के पहिली." आधी नुसता कागद फाडायचा, आता चिठ्ठी यायच्या आधीच फाडतो.

पूर्णिमाने त्या दुपारी नीट कान देऊन ऐकलं. दीदीचं खरं होतं. ज्योतीताईने अक्षर शोधत बोट उचललेलं असायचं, अजून पाठवलेलं काहीच नसायचं, आणि पलीकडे कागद फाटायचा. मग कर्र कर्र. मग पुन्हा टर्र. जणू तिथे कोणाला धीर निघत नव्हता. ती नकळत भिंतीपासून दूर सरकली. ज्योतीताई मात्र मान कलती करून हसत होती.

महिना संपत आला तसा इंद्रजीत आला. नवा भाडेकरू रंगकाम सुरू करणार होता. मोबाईल दुरुस्तीचं दुकान टाकायचं होतं त्याला. इंद्रजीत उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. "अम्मा, अब तो खाली करना पड़ेगा," तो म्हणाला. "आप जो बोलो मैं गाड़ी से पहुँचा दूँगा. टेबल, बर्तन, सब."

पूर्णिमाला वाटलं, आता तरी ज्योतीताई ते शब्द लिहील. तिने टॅब्लेट पुढे सरकवला. ज्योतीताईने तो मागे सारला.

"भांडे ठेव तूच पोरी. कामाचे आहेत," ती म्हणाली. "मले फक्त मशीन पाहिजे."

शटर उघडलं. ती एकटीच आत गेली. पूर्णिमा दारातून पाहत होती. ज्योतीताईने स्टुलावरची धूळ पदराने पुसली. फळीवरून प्रिंटर काढला, लोंबणारी वायर त्याच्याभोवती गुंडाळली, आणि लेकरू घ्यावं तसा तो छातीशी धरला. हुकातल्या चिठ्ठ्यांना तिने हात लावला नाही. इंद्रजीतने गाडी आणतो म्हटलं तर नको म्हणाली. बसच्या थांब्यापर्यंत पूर्णिमाच तिला सोडायला गेली. खिडकीशी बसून मांडीवरच्या प्रिंटरवर पदर घालताना ज्योतीताई म्हणाली, "ऊन लागते."

त्यानंतर यादीतलं ते नाव गेलं. बाजूच्या गाळ्याला निळा रंग लागला, काचेचं कपाट आलं, दिवसभर रिंगटोन वाजायला लागले. शारदा दीदी पुन्हा पूर्वीसारखी भांडी आपटत काम करू लागली. पूर्णिमाने भास्करला सांगितलं की आता सगळं ठीक आहे.

दिवाळीच्या थोडं आधी तिने सांभारवडीचा डबा भरला आणि एका दुपारी, खानावळीच्या सुट्टीच्या दिवशी, अभनपूरची बस धरली. बाईची खुशाली घ्यावी, एवढंच मनात होतं. एकदा वाटलं फोन करावा. पण तिने केला नाही.

भाच्याच्या बियाण्यांच्या दुकानामागे ज्योतीताईची खोली होती. दार उघडंच होतं. आतून फोडणीचा वास आला. ज्योतीताई गॅसपाशी होती, हात पिठाने माखलेले. पूर्णिमाने तिला पाहिलं आणि तिला बरं वाटलं. बाई अंगाने भरली होती. गालांवर रंग आला होता.

"ये ये पोरी! कळलंच होतं तू येऊन राहिली ते," ती म्हणाली.

"कोणी सांगितलं, ताई? मी तं फोनही नाही केला."

ज्योतीताईने नुसती मान हलवली. गॅसच्या बाजूला एका पाटावर प्रिंटर होता. वायर अजूनही त्याच्याभोवती गुंडाळलेली, तशीच. पूर्णिमाने खोलीभर नजर फिरवली. एक खाट, देवाची फळी, कपाट.

"टॅब्लेट घेतला काय ताई तुम्ही?"

"नाही व. काहून?"

"मग याच्याशी बोलता कशानं?"

"आता मले कुठं बोलायचं काम पडते," ज्योतीताई हसली. "आता तेच बोलतात. इतके वर्षं गप्प राहिलेला माणूस, थांबतच नाहीत. सकाळी उठल्याबरोबर सुरू. आज पाटोडी कर. आज कढी कर, गोळे बारीक टाक. मी आपली करून राहिलो दिवसभर. ते ऑर्डर देतात आणि मी स्वयंपाक करतो. उलटं झालं सगळं!"

पूर्णिमा निघायचं म्हणत होती. डबा ठेवून बस गाठायची. तेवढ्यात पाटावर आवाज झाला. कर्र कर्र. कागदाचं टोक हळूहळू बाहेर आलं, थरथरत. ज्योतीताईने पिठाचे हात लुगड्याला पुसले, चिठ्ठी फाडली, डोळ्यांजवळ धरून वाचली.

"पाहुणीले उपाशी पाठवू नको म्हणतात," ती म्हणाली. चिठ्ठीची घडी करून तिने ती कनवटीला खोचली. "बस. भाकर टाकतो."

पूर्णिमाने डबा खाली ठेवला. ती बसली. गरम भाकरी, झुणका, वर कच्चं तेल. जेवण फार चांगलं होतं, इतकं की तिलाही तसं कधी जमलं नव्हतं. मागे कोणी जागा रिकामी व्हायची वाट पाहत उभं असावं तशी ती भराभरा जेवली. ज्योतीताई प्रिंटरजवळ पाटाला टेकून तिच्याकडे पाहत होती, मायेने, मान किंचित कलती करून.

संध्याकाळी घरी भास्करने विचारलं, "कशा आहेत त्या?"

पूर्णिमा बराच वेळ हात धूत राहिली.

"सुखात आहेत," ती म्हणाली. ते खरंही होतं. मग तिने ओले हात पुसले आणि भास्करने पुढे काही विचारायच्या आत घरातले सगळे दिवे लावून घेतले.